आम्लाची संहती : बाटलीवरचा आकडा नेमके काय सांगतो?

‘हे ॲसिड किती टक्के आहे?’ हा प्रश्न प्रयोगशाळेत, बॅटरीच्या दुकानात, कारखान्याच्या भांडारात आणि कधीकधी स्वयंपाकघरातही विचारला जातो. उत्तरादाखल एक आकडा मिळतो आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. प्रत्यक्षात तो आकडा अर्धेच उत्तर असतो. व्हिनेगरच्या बाटलीवरील ५ टक्के आणि सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवरील ९८ टक्के हे दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतात. कशाचे किती आणि कशात किती, हे दोन प्रश्न सुटल्याखेरीज आम्लाच्या द्रावणाविषयी कोणतेही विधान विश्वासार्ह ठरत नाही. हे प्रश्न केवळ परीक्षेपुरते नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे आयुष्य, लोणच्याचे टिकणे आणि हाताळणाऱ्याच्या त्वचेची व डोळ्यांची सुरक्षितता या साऱ्या गोष्टी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतात.

संहती आणि तीव्रता

आम्ल हे द्राव्य, पाणी हे द्रावक आणि दोहोंच्या एकजीव मिश्रणाला द्रावण म्हणतात. ठरावीक द्रावणात द्राव्याचे प्रमाण किती आहे, हे सांगणारी राशी म्हणजे संहती. द्राव्य पुष्कळ असेल तर द्रावण संहत, थोडे असेल तर विरल.

बोलण्याच्या ओघात संहत आम्लाला ‘तीव्र’ आणि विरल आम्लाला ‘सौम्य’ म्हटले जाते. रसायनशास्त्रात मात्र या दोन जोड्या निरनिराळ्या आहेत. तीव्र आम्ल म्हणजे पाण्यात गेल्यावर ज्याचे जवळजवळ सर्व रेणू विचरण पावून हायड्रोजन आयन देतात असे आम्ल. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ही आम्ले या वर्गातली. ॲसेटिक आम्लाच्या रेणूंपैकी फार थोडे रेणू असे आयन देतात, म्हणून ते सौम्य. तीव्रता हा आम्लाचा स्वभाव आहे. पाणी घालून तो बदलत नाही. संहती ही द्रावणाची स्थिती आहे. ती पाण्याच्या प्रत्येक थेंबागणिक बदलते. त्यामुळे तीव्र आम्लाचे विरल द्रावण असू शकते आणि सौम्य आम्लाचे अतिशय संहत द्रावणही असू शकते. यापैकी दुसरे निरुपद्रवी असते असे मुळीच नाही. शुद्ध ॲसेटिक आम्ल सौम्य गटातले असूनही त्वचेला गंभीर इजा करते.

टक्केवारीचे तीन प्रकार

टक्केवारी तीन प्रकारे सांगता येते. १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम आम्ल आहे, हे सांगणारी ती वस्तुमानास वस्तुमान टक्केवारी. १०० मिलिलिटर द्रावणात किती ग्रॅम आम्ल आहे, हे सांगणारी ती आकारमानास वस्तुमान टक्केवारी. तिसरा प्रकार म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात किती मिलिलिटर द्रव द्राव्य आहे, हे सांगणारी आकारमानास आकारमान टक्केवारी. प्रयोगशाळेसाठी विकली जाणारी संहत आम्ले पहिल्या प्रकारे मोजलेली असतात. व्हिनेगरची आम्लता साधारणपणे दुसऱ्या प्रकारे सांगितली जाते.

द्रावण पाण्यासारखे, विरल असेल तर पहिल्या दोन प्रकारांत फारसा फरक पडत नाही, कारण १०० मिलिलिटर द्रावणाचे वस्तुमानही १०० ग्रॅमच्या आसपासच असते. संहत सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत मात्र हा फरक डोळ्यांत भरतो. त्याची घनता प्रति मिलिलिटर सुमारे १.८४ ग्रॅम आहे. म्हणजे १०० मिलिलिटर आम्लाचे वस्तुमान १८४ ग्रॅम आणि त्याच्या ९८ टक्के म्हणजे सुमारे १८० ग्रॅम शुद्ध आम्ल. तेव्हा वस्तुमानाच्या हिशेबाने जे द्रव्य ९८ टक्के, ते आकारमानाच्या हिशेबाने १८० टक्के ठरते! शंभराहून अधिक टक्के हे ऐकायला विचित्र वाटते; पण गणित चुकलेले नाही, केवळ मोजण्याचा पाया बदललेला आहे. ९८ टक्के याचा अर्थ ‘१०० मिलिलिटरमध्ये ९८ ग्रॅम’ असा गृहीत धरला, तर पुढे तयार केलेले प्रत्येक द्रावण अपेक्षेपेक्षा जवळपास दुपटीने संहत होते.

मोल : रसायनशास्त्रातील ‘डझन’

रासायनिक अभिक्रिया ग्रॅममागे ग्रॅम होत नाहीत, रेणूमागे रेणू होतात. म्हणून वजनापेक्षा रेणूंची संख्या अधिक उपयोगी पडते. रेणू एकेक करून मोजणे अशक्य असल्याने त्यांचा एक ठरावीक गठ्ठा कल्पिला आहे. तो म्हणजे मोल. आपण केळी डझनाने मोजतो आणि कागद रिमाने, तसेच रसायनशास्त्रज्ञ रेणू मोलने मोजतात. २० मे २०१९ पासून अमलात आलेल्या व्याख्येनुसार एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात.

मोलची व्यावहारिक सोय अशी की, पदार्थाचे रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये तोलले की बरोबर एक मोल पदार्थ हाती येतो. सल्फ्युरिक आम्लाचे रेणुवस्तुमान ९८.०८ आहे, म्हणून ९८.०८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल म्हणजे एक मोल. हायड्रोक्लोरिक आम्लासाठी हाच आकडा ३६.४६, नायट्रिक आम्लासाठी ६३.०१ आणि ॲसेटिक आम्लासाठी ६०.०५ आहे.

एक लिटर द्रावणात आम्लाचे जितके मोल असतील, ती त्या द्रावणाची रेणुता, म्हणजेच मोलॅरिटी. येथे ‘एक लिटर द्रावण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक लिटर पाण्यात एक मोल आम्ल ओतले तर एकूण आकारमान बरोबर एक लिटर राहत नाही. आधी आम्ल थोड्या पाण्यात मिसळून मग एकूण आकारमान एक लिटर करावे लागते. शिवाय तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो आणि रेणुता किंचित घटते. म्हणूनच काटेकोर कामात मोजपात्रावर नोंदलेले तापमान पाहिले जाते.

बाटलीवरील मजकुरावरून रेणुता

संहत आम्लाच्या बाटलीवर टक्केवारी, घनता आणि रेणुवस्तुमान या तीन गोष्टी दिलेल्या असतात. रेणुता काढण्यासाठी एवढे पुरेसे आहे. सल्फ्युरिक आम्लाचेच उदाहरण पाहू.

एक लिटर आम्लाचे वस्तुमान : १००० × १.८४ = १८४० ग्रॅम.
त्यातील शुद्ध आम्ल : १८४० चे ९८ टक्के = १८०३ ग्रॅम.
मोलची संख्या : १८०३ ÷ ९८.०८ = १८.४.

म्हणजे या आम्लाची रेणुता १८.४ मोल प्रति लिटर आहे. या तीन पायऱ्या एकत्र केल्या की एक सुटसुटीत सूत्र मिळते :

रेणुता = (१० × टक्केवारी × घनता) ÷ रेणुवस्तुमान

यात टक्केवारी वस्तुमानास वस्तुमान अशी आणि घनता ग्रॅम प्रति मिलिलिटर अशी घ्यायची. सूत्रातील १० हा आकडा कोठून आला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. लिटरचे मिलिलिटर करण्यासाठी १००० ने गुणले आणि टक्केवारीसाठी १०० ने भागले, त्यातून हा १० उरतो. नेहमीच्या वापरातील आम्लांची रेणुता या सूत्राने अशी येते :

हायड्रोक्लोरिक आम्ल – ३७ टक्के, घनता १.१८ – सुमारे १२ मोल प्रति लिटर
नायट्रिक आम्ल – ७० टक्के, घनता १.४१ – सुमारे १५.७ मोल प्रति लिटर
फॉस्फोरिक आम्ल – ८५ टक्के, घनता १.६९ – सुमारे १४.७ मोल प्रति लिटर
ग्लेशियल ॲसेटिक आम्ल – ९९.७ टक्के, घनता १.०५ – सुमारे १७.४ मोल प्रति लिटर

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. केवळ ३७ टक्के असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ९८ टक्के असलेले सल्फ्युरिक आम्ल यांच्या टक्केवारीत अडीच पटींहून अधिक अंतर आहे. रेणुतेतील अंतर मात्र दीडपटच आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा रेणू हलका असल्यामुळे थोड्या वजनातही त्याचे पुष्कळ रेणू मावतात.

नॉर्मलता आणि दुपटीची चूक

जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि अनेक प्रयोगशाळांतील बाटल्यांवर ‘नॉर्मल’ हा शब्द आढळतो. नॉर्मलता म्हणजे एक लिटरमधील सममूल्यभारांची संख्या. हायड्रोक्लोरिक आम्लाचा रेणू एकच हायड्रोजन आयन देतो, म्हणून त्याची नॉर्मलता आणि रेणुता सारखीच असते. सल्फ्युरिक आम्लाचा रेणू दोन आयन देऊ शकतो. त्याचा सममूल्यभार ९८.०८ च्या निम्मा, म्हणजे ४९.०४ आहे आणि नॉर्मलता रेणुतेच्या दुप्पट. १८.४ मोल प्रति लिटरचे आम्ल त्यामुळे ३६.८ नॉर्मल ठरते. १ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाऐवजी १ मोलर आम्ल वापरले गेले, तर ते दुप्पट संहत असते.

फॉस्फोरिक आम्लाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. त्याच्या रेणूत तीन हायड्रोजन असले, तरी अभिक्रियेनुसार त्यातील एक, दोन किंवा तीनही भाग घेतात. म्हणजे एकाच बाटलीतील द्रावणाची नॉर्मलता वापराप्रमाणे बदलते. याच कारणाने आंतरराष्ट्रीय पातळीवर नॉर्मलतेऐवजी रेणुता वापरावी अशी शिफारस केली जाते. तरीही हिशेबाला सोपी म्हणून नॉर्मलता व्यवहारात टिकून आहे. त्यामुळे बाटलीवर कोणते अक्षर आहे हे पाहण्याची सवय आवश्यक ठरते.

विरलीकरण : पाणी वाढते, मोल तेवढेच

संहत द्रावणात पाणी मिसळले तर आकारमान वाढते, पण आम्लाचे मोल घटत नाहीत वा वाढत नाहीत. या एकाच तत्त्वावर विरलीकरणाचे सूत्र उभे आहे :

आधीची संहती × आधीचे आकारमान = नंतरची संहती × नंतरचे आकारमान

समजा, १८.४ मोलर सल्फ्युरिक आम्लापासून १ मोलर रेणुतेचे एक लिटर द्रावण करायचे आहे. लागणारे संहत आम्ल = (१ × १०००) ÷ १८.४ = ५४.३ मिलिलिटर. तसेच १२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लापासून ०.१ मोलर रेणुतेचे ५०० मिलिलिटर द्रावण करायचे, तर (०.१ × ५००) ÷ १२ = सुमारे ४.२ मिलिलिटर आम्ल पुरते.

गणित इथे संपते, पण काम संपत नाही. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना मोठी उष्णता बाहेर पडते. एक मोल आम्ल एक लिटर द्रावण होईल इतक्या पाण्यात मिसळले, तर ७० किलोज्यूलहून अधिक उष्णता निघते आणि द्रावणाचे तापमान सोळा-सतरा अंश सेल्सियसने वाढू शकते. आम्ल पाण्यात सावकाश, ढवळत घातले तर ही उष्णता सर्व पाण्यात विभागली जाते. उलट आम्लात पाणी ओतले, तर पाणी हलके असल्याने वरच राहते, तेवढे थोडे पाणी क्षणात उकळते आणि आम्लाचे शिंतोडे अंगावर उडतात. म्हणून पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेत. द्रावण थंड झाल्यावरच मोजपात्रातील खुणेपर्यंत पाणी भरावे, कारण गरम द्रावण खुणेपर्यंत भरले तर थंड झाल्यावर ते आकसते आणि संहती ठरल्यापेक्षा अधिक होते. सावधगिरीचा नियम आणि अचूकतेचा नियम येथे एकच आहे.

घनतामापक आणि बॅटरीचे पाणी

संहती ओळखण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे घनता मोजणे. काचेची वजनदार नळी द्रवात तरंगत ठेवायची आणि ती किती बुडते हे पाहायचे. अंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये अशा घनतामापकासाठी अंशांची एक श्रेणी तयार केली. औद्योगिक आम्लांच्या व्यापारात ‘बोमे अंश’ त्यानंतर दीर्घकाळ रूढ झाले. सल्फ्युरिक आम्लाचा ‘६६ अंशी’ असा उल्लेख होतो, तो याच श्रेणीतला.

मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीत हाच घनतामापक आजही वापरला जातो. पूर्ण भारित बॅटरीतील आम्लाची घनता साधारण १.२८ असते, तेव्हा त्यात वस्तुमानाने सुमारे ३७ टक्के सल्फ्युरिक आम्ल असते. आपले सूत्र वापरले तर रेणुता येते (१० × ३७ × १.२८) ÷ ९८.०८ = ४.८३ मोल प्रति लिटर. बॅटरी वीज देते तेव्हा हे आम्ल पट्ट्यांवरील शिशाशी व शिशाच्या ऑक्साइडशी अभिक्रिया करून खर्च होते आणि पाणी तयार होते. घनता १.१२ च्या आसपास उतरली की आम्ल १७ टक्क्यांवर आणि रेणुता २ मोल प्रति लिटरच्या जवळपास आलेली असते. बॅटरी पुन्हा भारित केली की आम्ल परत तयार होते. घनतेवरून बॅटरीचा भार कळतो, तो यामुळे.

बॅटरीतील पातळी खाली गेली की त्यात आम्ल घालावे की डिस्टिल्ड वॉटर, याविषयी अनेकदा गोंधळ होतो. हिशेब मांडला तर तो उरत नाही. समजा, बॅटरीत ४.८३ मोलर रेणुतेचे ५ लिटर आम्ल होते. त्यात एकूण २४.१५ मोल आम्ल होते. भारित करताना पाण्याचे विघटन होते आणि काही पाण्याची वाफ होते. आम्ल मात्र आतच राहते. पातळी साडेचार लिटरवर आली, तर तेच २४.१५ मोल आता ४.५ लिटरमध्ये आहेत आणि रेणुता ५.३७ झाली आहे. त्यात अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घातले की रेणुता पुन्हा ४.८३ होते. त्याऐवजी अर्धा लिटर बॅटरीचे आम्ल घातले, तर रेणुता ५.३१ राहते. असे वारंवार केले की आम्ल अधिकाधिक संहत होत जाते आणि आतील पट्ट्या लवकर निकामी होतात. गेले ते पाणी, म्हणून घालायचेही पाणीच. अपवाद फक्त आम्ल सांडून गेल्याचा.

घनतेच्या या पद्धतीलाही मर्यादा आहे. सल्फ्युरिक आम्ल ९७-९८ टक्क्यांच्या पुढे गेले की घनता वाढण्याचे थांबते, उलट किंचित घटते. त्या टप्प्यात घनतेवरून संहती सांगता येत नाही. शिवाय घनता सर्व विरघळलेल्या पदार्थांची मिळून असते. द्रावणात आम्लासोबत मीठ असेल, तर घनतामापक त्यांत भेद करीत नाही. आम्ल आणि फक्त आम्लच मोजायचे असेल, तर अनुमापनाकडे वळावे लागते.

अनुमापन : आम्लाची कसोटी

अनुमापनाचे तत्त्व साधे आहे. माहीत असलेल्या संहतीचा आम्लारी आम्लात थेंबाथेंबाने सोडायचा आणि आम्ल संपूर्ण उदासीन व्हायला तो किती लागला हे मोजायचे. ‘टायट्रेशन’ हा शब्द ज्या फ्रेंच ‘तित्र’ शब्दावरून आला, त्याचा एक अर्थ सोन्याचा कस असा आहे. आपल्याकडे शुद्ध सोन्याला ‘बावनकशी’ म्हणतात. द्रावणाचाही असाच कस लावला जातो. ब्युरेट आणि पिपेट ही नावे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये रूढ केली. जर्मनीच्या कार्ल फ्रीडरिश मोर यांनी ब्युरेटमध्ये सुधारणा केल्या आणि १८५५ मध्ये अनुमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील ‘मोर सॉल्ट’ हे त्यांच्याच नावाचे.

व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल मोजायचे असेल, तर १० मिलिलिटर व्हिनेगर मोजपात्रात घेऊन त्याचे १०० मिलिलिटर द्रावण करतात. त्यातील २५ मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घेतात आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाकतात. आम्लात हा दर्शक रंगहीन असतो. ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडताना शंकुपात्र हलवत राहायचे. सुमारे अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा आली की थांबायचे. समजा, २०.७५ मिलिलिटर द्रावण लागले.

लागलेला आम्लारी : ०.१ × २०.७५ = २.०७५ मिलिमोल.
ॲसेटिक आम्लाचा एक रेणू एकाच आम्लारी-रेणूशी अभिक्रिया करतो, म्हणून आम्लही २.०७५ मिलिमोल.
विरल द्रावणाची रेणुता : २.०७५ ÷ २५ = ०.०८३.
दहापट विरल केले होते, म्हणून मूळ व्हिनेगरची रेणुता : ०.८३ मोल प्रति लिटर.
ग्रॅममध्ये : ०.८३ × ६०.०५ = ४९.८ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ५ टक्के.

बॅटरीतील आम्लासाठी कृती हीच, पण एक पायरी वाढते. ५ मिलिलिटर आम्लाचे २५० मिलिलिटर द्रावण केले आणि त्यातील १० मिलिलिटरला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १९.३ मिलिलिटर लागले, तर आम्लारी १.९३ मिलिमोल झाला. सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू दोन आम्लारी-रेणू उदासीन करतो, म्हणून आम्ल त्याच्या निम्मे, ०.९६५ मिलिमोल. विरल द्रावणाची रेणुता ०.०९६५ आणि पन्नासपट विरलीकरण लक्षात घेता मूळ रेणुता ४.८३. घनतेवरून काढलेले उत्तर येथे अगदी वेगळ्या वाटेने पुन्हा हाती येते. निम्मे करण्याची पायरी विसरली, तर मात्र उत्तर दुप्पट येते.

अचूकता कोठे हरवते?

अनुमापनाचा सारा भरवसा आम्लारीच्या संहतीवर असतो आणि सोडियम हायड्रॉक्साइड हा पदार्थ त्या बाबतीत बेभरवशाचा आहे. तो हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यामुळे ४ ग्रॅम तोलून एक लिटर द्रावण केले, तरी ते बरोबर ०.१ मोलर असेलच असे नाही. म्हणून आधी स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लासारख्या शुद्ध आणि स्थिर पदार्थाच्या प्रमाण द्रावणाने त्याची तपासणी करतात. या स्फटिकांचे रेणुवस्तुमान १२६.०७, तेव्हा १.५७६ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटर द्रावण केले की ते ०.०५ मोलर होते. त्याच्या १० मिलिलिटरला सोडियम हायड्रॉक्साइड ९.८ मिलिलिटर लागले, तर त्याची खरी रेणुता (२ × ०.०५ × १०) ÷ ९.८ = ०.१०२ ठरते.

दर्शकाची निवडही तितकीच महत्त्वाची. ॲसेटिक आम्लासाठी फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज वापरले, तर रंग फार आधी बदलून जातो. तोवर एक तृतीयांश आम्लही उदासीन झालेले नसते. वाचनातील चुकीचा परिणाम घेतलेल्या आकारमानावर अवलंबून असतो. २०.७५ मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिलिटरची चूक अर्ध्या टक्क्याची, तीच ८.३ मिलिलिटरमध्ये सव्वा टक्क्याची होते. म्हणून ब्युरेटचे वाचन फार लहान येणार नाही अशी योजना करतात, नजर द्रवाच्या पृष्ठभागाच्या पातळीत ठेवतात आणि एकमेकांशी जुळणारी वाचने मिळेपर्यंत कृती पुन्हा करतात.

सामू म्हणजे संहती नव्हे

सामू, म्हणजे पीएच, मोजला की आम्लाची संहती कळली असा समज सर्वत्र आढळतो. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही कल्पना मांडली. सामू द्रावणातील हायड्रोजन आयनांविषयी सांगतो, एकूण आम्लाविषयी नव्हे. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू सुमारे १ असतो; ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा सुमारे २.९. दोन्हींत एका लिटरमागे आम्लाचे मोल सारखेच आहेत आणि दोन्हींना उदासीन करायला आम्लारीही सारखाच लागतो. फरक इतकाच की, ॲसेटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम एक-दोन रेणूच एका वेळी आयन देतात. बाकीचे राखीव राहतात आणि आधीचे आयन खर्च झाले की पुढे येतात. सामू म्हणजे खिशातील सुटे पैसे, तर अनुमापनाने मिळणारी संहती म्हणजे बँकेतील शिलकीसह एकूण रक्कम.

सामूची श्रेणी दहाच्या पटीत चालते, हेही ध्यानात ठेवावे. सामू २ असलेल्या द्रावणात सामू ३ च्या द्रावणापेक्षा हायड्रोजन आयन दसपट असतात, दीडपट नव्हे.

नाव एकच, धोका वेगळा

व्हिनेगर आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल या दोहोंना ‘ॲसेटिक ॲसिड’ म्हटले जाते. पहिल्याची रेणुता ०.८३, दुसऱ्याची १७.४. म्हणजे दुसरे सुमारे एकवीसपट संहत. पहिले जेवणात चालते. दुसरे अन्ननलिका भाजून काढते. शौचालयाच्या स्वच्छतेसाठी मिळणाऱ्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे त्याची रेणुता ३ मोल प्रति लिटरच्या जवळपास, व्हिनेगरच्या तिपटीहून अधिक. शिवाय ते तीव्र आम्ल. असा द्रव ब्लीचमध्ये मिसळला तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ल अंगावर सांडल्यास तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी. त्यावर आम्लारी चोळू नये.

आम्लाची सुटी विक्री हा आपल्या देशात केवळ रसायनशास्त्राचा विषय राहिलेला नाही. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार आम्ल विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवणे, त्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहणे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री न करणे बंधनकारक झाले. या आदेशामागे आम्लहल्ल्यांत होरपळलेल्या स्त्रियांचे दुःख आहे. जुन्या पाण्याच्या बाटलीत, नावाशिवाय, टक्केवारीशिवाय ठेवलेले आम्ल याही दृष्टीने घातक आहे. ते काय आहे आणि किती आहे, हे अपघाताच्या वेळी घरच्यांना सांगता येत नाही.

आम्लाची संहती काढण्याचे गणित शाळेतील गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. टक्केवारी कोणत्या प्रकारची, घनता किती, रेणू किती आयन देतो आणि द्रावण किती पटीने विरल केले, ही चार उत्तरे कागदावर आधी लिहून घ्यावीत. सूत्र त्यानंतर वापरावे. आणि तयार झालेल्या द्रावणाच्या बाटलीवर आम्लाचे नाव, संहती, तिचे एकक आणि तयार केल्याची तारीख लिहिल्याशिवाय बाटली फडताळात ठेवू नये. पुढे ती उघडणाऱ्याला माहितीचा तेवढाच आधार असतो.